मेंदूतील संथ गाठ : जुना फोटो जपा, तारीख चुकवू नका

शेतात हरळी शिरली म्हणजे काय होते, हे कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. वरचे गवत खुरपून काढले की वावर स्वच्छ दिसते, पण तिच्या काशा जमिनीत लांबवर गेलेल्या असतात. एखादी काशी राहून गेली तरी पाऊसपाणी मिळताच ती पुन्हा फुटते. म्हणून जाणता शेतकरी नांगरटीनंतर काशा वेचतो आणि पुढची काही वर्षे त्या जागेवर नजर ठेवतो.

माणसाच्या मेंदूत होणाऱ्या काही गाठी अशाच स्वभावाच्या असतात. त्या फार हळू वाढतात. शस्त्रक्रिया करून काढल्या तरी त्यांचे बारीक धागे आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत शिल्लक राहतात आणि काही वर्षांनी गाठ पुन्हा डोके वर काढते. अशा रुग्णाच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो. गाठ काढली, टाके निघाले, माणूस चालत घरी आला, कामालाही लागला. आता ऐन पेरणीत पुन्हा शहराची वारी कशाला? भाडे, मुक्काम, बुडालेली मजुरी, सगळा खर्च अंगावर. ‘पुढच्या वर्षी बघू,’ असे म्हणून तारीख पुढे ढकलली जाते.

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला तसेच रास्त उत्तर हवे. गेल्या पन्नास वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनी या गाठींवर जे संशोधन केले, त्यातून ते उत्तर मिळते.

गाठ कसली?

मेंदूत विचार आणि हालचाल चालवणाऱ्या पेशी असतात, तशाच त्यांना आधार देणाऱ्याही पेशी असतात. या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीला डॉक्टर ग्लायोमा म्हणतात. तिच्या एक ते चार अशा प्रती लावतात. चौथ्या प्रतीची गाठ सर्वांत झपाट्याने वाढते. आपण ज्या गाठीबद्दल बोलतो आहोत ती दुसऱ्या प्रतीची. ती बहुधा तिशी-चाळिशीतल्या, म्हणजे ऐन कर्त्या वयातल्या माणसांना होते. ती हळू वाढते म्हणून निरुपद्रवी समजू नये. पुढेमागे तिची प्रत बदलून ती वेगाने वाढणारी होऊ शकते.

बहुतेकांत तिची पहिली खूण म्हणजे फिट, ज्याला आपण फेफरे किंवा आकडी म्हणतो. कधी तोंडाची एक बाजू किंवा एक हात तेवढाच झटके देतो. कधी माणूस क्षणभर हरवल्यासारखा बघत राहतो, शब्द आठवत नाहीत, बोलणे अडखळते. काहींच्या स्वभावात हळूहळू बदल होतो. गाठ मोठी झाली तर सकाळी उठताच डोके दुखणे आणि उलटी होणे, हेही दिसते.

मात्र फिट आली म्हणजे गाठच आहे, असे मुळीच नाही. आपल्याकडे मेंदूतील क्षयाच्या गाठीमुळे आणि पट्टकृमीच्या अळीने मेंदूत केलेल्या घरामुळेही फिट येतात आणि ते आजार औषधांनी बरे होतात. म्हणून मोठ्या माणसाला आयुष्यात प्रथमच फिट आली, तर अंगारा-धुपारा करीत बसू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवूनही काही होत नाही. रुग्णाला कुशीवर झोपवावे, तोंडात काही घालू नये, आजूबाजूची इळा-कोयती दूर करावी. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठावा. थांबली तरी मेंदूचा फोटो काढून कारण शोधलेच पाहिजे.

शेतकऱ्याच्या मुलाचे यंत्र

मेंदूच्या आतला फोटो काढता येतो, ही गोष्ट तशी फार जुनी नाही. पूर्वी साध्या क्ष-किरणात कवटीचे हाड दिसे, आतला मेंदू दिसत नसे. ही अडचण दूर केली गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने. १९१९ साली जन्मलेल्या या माणसाचे बालपण इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर भागातील शेतावर गेले आणि शेतावरची यंत्रे उलगडून पाहण्याचा त्याला नाद होता. क्ष-किरणांनी डोक्याचे अनेक बाजूंनी माप घेऊन, गणकयंत्राच्या मदतीने आतला काप चित्रात दाखवणारे यंत्र त्याने तयार केले. हेच सीटी स्कॅन. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात या यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्या बाईंच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता आणि चित्रात ती स्पष्ट दिसली. हाउन्सफील्ड यांना १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे एमआरआय आला. त्यात क्ष-किरण लागत नाहीत. मोठ्या चुंबकाच्या आणि रेडिओलहरींच्या साह्याने चित्र निघते. संथ गाठ सीटीपेक्षा एमआरआयमध्ये पुष्कळ चांगली दिसते, म्हणून आज तिच्यावर पाळत ठेवायची ती एमआरआयनेच.

वर्षाला ज्वारीचा दाणा

ही गाठ वाढते तरी किती? २००३ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी २७ रुग्णांचे, उपचार सुरू होण्यापूर्वीचे अनेक फोटो ओळीने लावून मोजमाप केले. गाठीचा व्यास वर्षाला सरासरी चार मिलिमीटरच्या आसपास वाढत होता. चार मिलिमीटर म्हणजे ज्वारीचा एक दाणा! सहा महिन्यांनी फोटो काढला तर फरक अर्ध्या दाण्याचा. नुसत्या नजरेने तो कसा कळावा?

पण हिशेब करून पाहा. चार सेंटिमीटर व्यासाची गाठ चारही बाजूंनी मिळून चार मिलिमीटर वाढली, तर तिचे एकूण आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. कडब्याच्या गंजीचा घेर आणि उंची थोडी वाढवली की पेंढ्या किती जास्त मावतात, हे आपल्याला माहीत आहे. तसेच हे.

म्हणून एक मोठी मेख लक्षात ठेवावी. आजचा फोटो फक्त मागच्या वेळच्या फोटोशी ताडला तर ‘फरक नाही’ असेच वाटण्याचा संभव असतो. तोच फोटो तीन-चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या फोटोशेजारी धरला की वाढ डोळ्यांत भरते. रोज डोळ्यांसमोर असणारे वासरू वाढलेले आपल्याला जाणवत नाही, पण वर्षाने आलेला पाहुणा ‘केवढे झाले हो!’ म्हणतो. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली हेच दाखवून दिले. गणकयंत्राने आकारमान मोजत गेले, तर नुसत्या नजरेपेक्षा वाढ लवकर पकडता येते.

परतलेली गाठ की किरणांचा व्रण?

रुग्णाला किरणोपचार दिले असतील तर आणखी एक पेच पडतो. किरणांमुळे मेंदूत सूज किंवा व्रण राहतो आणि तो फोटोत परतलेल्या गाठीसारखा दिसू शकतो. घाईने गाठ समजून उपचार केले तर रुग्णाला फुकटचा त्रास होतो. व्रण समजून सोडून दिले आणि ती गाठच निघाली, तर वेळ हातचा जातो.

हा गुंता सोडवण्यासाठी डॉक्टर एमआरआयमध्येच तेथील रक्तप्रवाह मोजतात, रासायनिक द्रव्यांची तपासणी करतात. पेट स्कॅन नावाच्या तपासणीत प्रथिनांचा एक घटक थोड्या किरणोत्सर्गी खुणेसह शिरेतून देतात. वाढती गाठ तो अधाशासारखा ओढून घेते, व्रण तेवढा ओढत नाही. कधी काही आठवडे थांबून पुन्हा एमआरआय काढावा लागतो, तर कधी छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तेव्हा डॉक्टर ‘थोडे थांबून पुन्हा बघू’ म्हणाले, तर ते टाळाटाळ करतात असे समजू नये.

लांबच्या हिशेबाने शिकवलेले धडे

अशा गाठीवर उपाय तीन : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे. कोणता आधी, कोणता नंतर, यावर डॉक्टरांत पुष्कळ वर्षे वाद होता. गाठच संथ, त्यामुळे उत्तर यायलाही वर्षे लागत.

नॉर्वेतील दोन रुग्णालयांचे धोरण वेगवेगळे होते. एक रुग्णालय गाठीचा तुकडा तपासून पाळत ठेवी, दुसरे लवकर शस्त्रक्रिया करून होईल तेवढी गाठ काढी. ज्याचे घर ज्या भागात तो त्या रुग्णालयात जाई. २०१२ साली १५३ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाचे शंभरातले ७४ रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, तर दुसरीकडचे ६०. तेव्हापासून, बोलणे-चालणे न बिघडवता काढता येईल तेवढी गाठ लवकर काढावी, या मताला बळ मिळाले.

युरोपात १९८६ पासून तीनशेहून अधिक रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला. निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच किरण दिले, निम्म्यांना गाठ पुन्हा वाढू लागल्यावर. २००५ साली निकाल आला. लगेच किरण दिलेल्यांची गाठ सरासरी ५.३ वर्षे गप्प राहिली, थांबलेल्यांची ३.४ वर्षे. पण आयुष्य दोन्हीकडे जवळपास सारखेच, ७.४ आणि ७.२ वर्षे. म्हणजे काही रुग्णांना किरण राखून ठेवता येतात. पण त्याला अट एकच : गाठीवर डोळ्यांत तेल घालून नजर हवी. राखण न करता पीक सोडून देणे वेगळे आणि राखण करीत थांबणे वेगळे.

तिसरा प्रयोग अमेरिकेतला. ज्यांची गाठ परतण्याचा धोका अधिक, अशा २५१ रुग्णांना १९९८ ते २००२ या काळात घेतले. काहींना नुसते किरण, काहींना किरणांनंतर प्रोकार्बाझिन, लोमुस्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही तीन औषधे. २०१२ साली निकाल छापला तेव्हा एकूण आयुष्यात ठळक फरक दिसला नव्हता. संशोधकांनी वही मिटली नाही. २०१६ साली चित्र स्पष्ट झाले. नुसते किरण घेतलेल्यांचे आयुष्य मध्यमान ७.८ वर्षे, औषधेही घेतलेल्यांचे १३.३ वर्षे. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनीही वर्षानुवर्षे नोंद ठेवली म्हणून हे कळले.

गाठ परतल्यावर काय करायचे, हे आधी काय झाले आहे यावर ठरते. जागा सोयीची असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया होते. आधी किरण दिले नसतील तर ते देता येतात. टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या देतात. प्रत्येक नवे औषध गुणकारी ठरते असेही नाही. युरोपात परतलेल्या गाठीच्या १५५ रुग्णांवर टेमोझोलोमाइडच्या जोडीला बेव्हासिझुमॅब हे महागडे इंजेक्शन देऊन पाहिले. २०१८ च्या निकालात त्याने आयुष्य वाढलेले दिसले नाही. असे निकालही मोलाचे असतात. लोकांचा पैसा वाचतो.

पाटपाणी आणि ठिबक

एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या मुंबईत झाला आहे. लहान वयात मेंदूला किरण दिले तर गाठ आवरते, पण बुद्धीवर आणि शरीराच्या वाढीवर परिणाम होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २००१ ते २०१२ या काळात तीन ते पंचवीस वर्षे वयाचे २०० रुग्ण घेतले. सौम्य किंवा संथ गाठ उरलेली वा वाढू लागलेली, अशी ही मुले होती. काहींना नेहमीच्या पद्धतीने किरण दिले, काहींना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमका मारा करणाऱ्या पद्धतीने. वावरभर पाटपाणी सोडणे आणि ठिबकने मुळाशीच पाणी देणे, असा हा फरक.

२०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. गाठ आवरण्यात आणि आयुष्यात दोन्ही पद्धतींत मोठा फरक नव्हता. पण नेमक्या माऱ्याच्या मुलांची बुद्धी पाच वर्षांत अधिक चांगली टिकली आणि शरीराच्या वाढीच्या ग्रंथींचे बिघाडही कमी झाले. पाच वर्षे तपासणीला येत राहणाऱ्या या मुलांच्या आईबापांचा या ज्ञानात मोठा वाटा आहे.

नवी गोळी

२००८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांना मेंदूच्या काही गाठींच्या पेशींत आयडीएच नावाच्या जनुकात बिघाड आढळला. पुढच्याच वर्षी कळले की दुसऱ्या प्रतीच्या बहुतेक गाठींत हाच बिघाड असतो. या बिघाडामुळे पेशीत एक नको असलेले द्रव्य साचते आणि पेशीचा स्वभाव बदलतो. हा बिघाड आईबापांकडून आलेला नसतो, त्या गाठीपुरताच असतो. त्यामुळे घरात कोणाला दोष देऊ नये.

त्या द्रव्याची निर्मिती रोखणारी व्होरासिडेनिब नावाची गोळी निघाली. शस्त्रक्रियेनंतर गाठ उरलेल्या किंवा परतलेल्या ३३१ रुग्णांवर तिचा प्रयोग झाला. २०२३ साली निकाल आला. खरी गोळी घेणाऱ्यांत गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यमान काळ २७.७ महिने होता, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ११.१ महिने. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली. गोळी महाग आहे, यकृतावर ताण येऊ शकतो म्हणून रक्त तपासत राहावे लागते, आणि ती गाठ नाहीशी करीत नाही, वाढ रोखून धरते. तिने शेवटी आयुष्य किती वाढते, याला अजून काही वर्षांचा हिशेब लागेल.

घरच्यांनी काय करावे?

एवढ्या साऱ्या संशोधनाचे सार घरच्या माणसांच्या उपयोगाचे आहे.

एक : पहिल्या फोटोपासून सगळ्या फिल्म आणि सीडी तारीखवार लावून कोरड्या पेटीत ठेवाव्यात. उंदीर, ओल आणि ऊन यांपासून जपाव्यात. सातबारा जपतो तसे हे जपावे. दर खेपेला सगळा संच बरोबर न्यावा आणि ‘पहिल्या फोटोशीही ताडून बघा,’ असे डॉक्टरांना सांगावे.

दोन : शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो कोठे आहे, कसा मिळेल, हे विचारून लिहून ठेवावे. वर्षांनंतरही त्यावर जनुकांची तपासणी होऊ शकते.

तीन : एमआरआय आधी दर काही महिन्यांनी, मग अधिक अंतराने, पण कायमचा काढावा लागतो. अंतर डॉक्टर ठरवतील. पेरणी, लग्नसराई आडवी येत असेल तर आधी सांगून तारीख थोडी बदलून घ्यावी, सोडून देऊ नये.

चार : बंद झालेल्या फिट पुन्हा सुरू झाल्या, हात-पाय जड झाला, बोलणे किंवा वागणे बदलले, तर तारखेची वाट पाहू नये. फिटची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. फिटची वही घालावी : तारीख, वेळ, किती मिनिटे.

पाच : फिट येणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये, विहिरीत उतरू नये, झाडावर चढू नये, कडबा कुट्टी आणि मळणी यंत्राजवळ काम करू नये. घरात बसवून ठेवण्याचीही गरज नाही. जमिनीवरची पुष्कळ कामे तो करू शकतो.

सहा : खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. पुढच्या तपासण्यांपैकी काय काय योजनेत बसते, हे त्यालाच विचारावे. कर्करोगाच्या रुग्णांना रेल्वे आणि एस.टी.च्या भाड्यात सवलत असते, तीसाठी लागणारा दाखला रुग्णालयातून घ्यावा.

सात : नव्या उपचाराच्या प्रयोगात सामील व्हाल का, असे डॉक्टरांनी विचारले तर घाबरू नये आणि भुलूनही जाऊ नये. संमतीचा कागद मराठीत वाचून घ्यावा, समजेपर्यंत विचारावे. नाही म्हणण्याचा आणि मध्येच सोडण्याचा हक्क रुग्णाला आहे, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. मात्र ‘गाठ वितळवतो, एमआरआयची गरज नाही’ असे सांगून पैसे मागणाऱ्याच्या दारात उभे राहू नये.

या गाठीसह संसार करणारी, मुलांची लग्ने करणारी, शेती पाहणारी माणसे आहेत. वर्षे मिळतात आणि ती चांगली जाऊ शकतात. पण ती वर्षे राखणीची असतात. रुग्ण बरा दिसतो त्या काळातच ही राखण करायची असते आणि तेव्हाच ती नकोशी वाटते. म्हणून हे काम एकट्या रुग्णावर सोपवू नये. घरातल्या एका जाणत्या माणसाने पेटीची किल्ली आणि तारखांची वही आपल्याकडे घ्यावी.